अनामत

मी मशीन नंबर सातचा माणूस.
वानखेडेच्या उत्तरेकडच्या जिन्याखाली
समोशांच्या काउंटरला पाठ लावून ते उभं असतं
आणि शेजारी मी, हिरव्या टी-शर्टात,
पाठीवर छापलेलं : मला विचारा.
विचारतात एकच. टॉयलेट कुठंय?

काम तसं सोपं. कप पालथा घालायचा.
तळाला मेथीच्या दाण्याएवढी चिप असते,
ती वाचून मशीन कप गटकन गिळतं
आणि तीस रुपये फोनवर परत.
अनामत म्हणतात त्याला.
केणी सुपरवायझर समजावत होते तेव्हा
मला आधी निवडणूकच आठवली.
आमच्या वॉर्डात मामा उभा राहिला होता,
त्याची जप्त झाली.

जिंकलो तर लोक कप सीटवरच सोडून जातात,
तीस रुपयांचं काय एवढं!
हरलो की एकेक जण रांगेत येतो,
फेस पुसून, मुकाट,
निदान एवढं तरी परत मिळावं म्हणून.

हौसाबाई आधी सीटांखाली वाकून
चुरडलेले पातळ ग्लास वेचायच्या,
गोणीभर, किलोवर.
आता गोणीत अख्खे कप.
पहिल्या दिवशी त्यांनी बारा टाकले.
तेराव्याला पडद्यावर आलं :
या क्रमांकाची मर्यादा संपली.
मी वाचून दाखवलं.
"माझी मर्यादा? ती ह्याला कुणी सांगितली?"

मग मी माझा नंबर दिला,
माझ्यानंतर समोसेवाल्या इरफानने.
रांगेतल्या एका चष्मेवाल्या पोराने
न विचारता आपला सांगितला, त्याच्या मागच्या बाईंनीही.
पैसे त्यांच्या फोनवर पडत होते
आणि नोटा हौसाबाईंच्या पदराच्या गाठीत.
सुट्ट्यांवरून थोडी बाचाबाची झाली, ती सोडा.
मशीनच्या नोंदीत यातलं काही नाही.

रात्री पावणेबाराला मोठे दिवे मिटतात
आणि आमच्या स्टँडचा हिशेब निघतो,
बिलाएवढ्या कागदावर :
गेले दोन हजार चारशे दहा.
आले दोन हजार दोन.
उरलेल्या चारशे आठांपुढे एकच शब्द, 'बाहेर'.

केणी म्हणतात, हरवले लिही.
हरवले कसे लिहू?
एखादा ठाकूरद्वारला कुणाच्या मोरीत
ब्रश धरून उभा असेल,
एकात माहीमला कुणी गळ आणि शिसं ठेवलं असेल.
एक तर माझ्या डोळ्यांदेखत गेला.
बापाबरोबर पहिल्यांदाच आलेला मुलगा,
मशीनच्या तोंडाशी कप नेऊन
दोनदा त्याने हात मागे घेतला.
मी समोशांकडे बघत राहिलो.

आणि एक आमच्या घरी आहे,
प्रतीक्षानगरला, तांदळाच्या डब्यात.
आई त्यानेच मोजते. आम्हा दोघांना एक,
कुणी आलं तर वर मूठभर.
शेजारच्या काकूंना तिने सांगितलंय,
पोराच्या ऑफिसातून मिळाला.

परवा सकाळी तपासणी होती, मैदान रिकामं.
मी तो घासून, पिशवीत घालून घेऊन गेलो.
का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.
पालथा घातला.
मागच्या वर्षीचा कप, काठ जरा झिजलेला,
तळाला कोंडा चिकटलेला,
तरी त्याने ओळखला. हिरवा दिवा लागला.
परत आणल्याबद्दल आभार. कप आत सोडा.

तीन सेकंद मिळतात.
मला ते पाठ आहे, दिवसातून हजारदा
मीच लोकांना सांगतो, सोडा, सोडा, हात काढा.

दिवा लाल झाला.
कप पिशवीत घालून मी घरी आलो.

तोवर आईने ओंजळीने तांदूळ घेतले होते.
भात जरा जास्तच झाला.