कुणाकडचे?

रविवारी संध्याकाळी मेस बंद.
मालकाने ही पाटी एकदाच लिहिली,
आम्ही दर रविवारी नव्याने वाचायचो.

नवी पेठेतल्या खोलीत कॉट चार, टेबलफॅन एक,
आणि इस्त्रीचा शर्टही एकच:
खंदारेचा, आकाशी, दुसरं बटण वेगळ्या रंगाचं.
ज्याची पाळी त्याने घालायचा
आणि येताना कागदी रुमालात
जिलब्या आणायच्या, माणशी एक.

म्हात्रे पुलापलीकडे कार्यालयं ओळीने उभी.
दारातल्या पाटीवर आडनावं वाचून घ्यायची,
गद्रे – उकिडवे, गोरज मुहूर्त, सहा बावीस.
अत्तरवाल्या मुलीपुढे हात उलटा धरायचा.
कुणी विचारलंच, "कुणाकडचे?"
तर आधी त्याचा फेटा बघायचा.
गुलाबी असला तर मी निळ्यांचा,
निळा असला तर गुलाब्यांचा.

एकदा फसलो.
विचारणारे आजोबा बोडके होते.
"कुणाकडचे?"
"जिंतूरकडचा," मी म्हणालो.
खरं तेच तोंडातून गेलं.
ते बघत राहिले, त्या दुसऱ्या बटणापर्यंत,
मग म्हणाले, "लांबून आलात. आधी जेवून घ्या."
हात धरून पहिल्या पंगतीत बसवलं,
वाढप्याला सांगितलं, यांना मसालेभात पुन्हा.
त्या रात्री जिलब्या आणल्या नाहीत मी.
खंदारे चिडला.
त्याला कारण सांगता आलं नाही.

जायचो जेवायला, पण मंगलाष्टकं चुकवली नाहीत.
अक्षता पुढच्यांच्या टकलावर नाही,
थेट वधूवरांपर्यंत पोचतील अशा टाकल्या.
पाकीट नव्हतं, तेवढाच आहेर.
आणि शेवटी फोटोग्राफर ओरडायचा,
"ओ आकाशी शर्ट, जरा आत या, आत!"
इतक्या आग्रहाने पुण्यात मला
दुसऱ्या कुणी आत बोलावलं नाही.
गेलो.

परीक्षा? दोनदा मेन्स, एकदा तीन मार्कांनी.
आता जिंतूरला भावाच्या औषधाच्या दुकानात
गल्ल्यावर बसतो.
पत्रिका येतात, हळदीकुंकवाचं बोट लावलेल्या,
सहकुटुंब, सहपरिवार, अगत्याने.
काउंटरखाली ढीग आहे.
जाणं होत नाही.

पण कोथरूडला कुठेतरी, तिसऱ्या मजल्यावर,
दिवाळीची झाडलोट चालू असताना
कपाटातून अल्बम निघत असेल.
शेवटची ओळ, डावीकडून तिसरा.
"हा कोण गं?"
"तुमच्याकडचा."
"छे, आमच्यात एवढा काटकुळा कुणी नाही.
तुमच्याकडचाच.
नाक बघ की, थेट तुझ्या मामाचं."