दहापैकी

दर गुरुवारी चारच्या आत
एका खेळाचे गुण कळवायचे असतात मला.
खेळण्यातली मजा, नियंत्रण, चित्रं, आवाज.
चार चौकटी, प्रत्येकी दहापैकी,
खाली नव्वद शब्द, जाहिरात आली तर साठ.
पुएर्तो मोन्तच्या त्या साप्ताहिकात
टायरच्या दुकानाशेजारी माझं नाव छापून येतं :
निनोस्का बार्रीया.

या खेपेला फेरीबोटीचा खेळ होता.
हॅम्बुर्गमध्ये बसून कुणीतरी बनवलेला,
माणसं, मेंढ्या, गॅसच्या टाक्या
या बेटावरून त्या बेटावर न्यायच्या.
दोन रात्री खेळले. अकरा वेळा धक्क्यावर आदळले.
कच्च्या कागदावर लिहिलं,
"सुकाणू फिरवलं की बोट विचार करत बसते. नियंत्रण : चार."
चार म्हणजे माझ्या हिशेबात
दारातूनच परत पाठवणं,
पण पाणी विचारून.

शनिवारी आचाओला गेले, वडिलांकडे.
चुलीत ओलसर लाकूड, वर वाळत टाकलेले मोजे,
बटाट्याच्या सालींशेजारी माझा लॅपटॉप.
एकतीस वर्षं त्यांनी लाँच चालवली
आचाओ ते चाउलिनेक,
आणि डाव्या डोळ्यानं दगा दिल्यापासून
खिडकीतून दुसऱ्यांच्या बोटी बघतात,
चुका मोजत.

"आण इकडे."
कंट्रोलर उलटा धरला. मी सरळ करून दिला.
त्या तळव्यांत तो काडेपेटीएवढा दिसायला लागला.

पहिल्यांदा तेही आदळले.
(मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.)
मग बराच वेळ नुसतेच बघत राहिले.
धक्का अजून लांब, नखाएवढा,
तेव्हाच त्यांनी सुकाणू फिरवलं
आणि काहीच झालं नाही.
काहीच झालं नाही.
त्यांनी कंट्रोलर खाली ठेवला,
एक बटाटा सोलायला घेतला.
अर्धा सोलून होईतो बोटीनं,
जणू तिचं तिलाच सुचलं असावं,
हळूच कूस बदलली
आणि धक्क्याला जाऊन टेकली.

"नियंत्रण वाईट आहे ना?" मी विचारलं.
"कुणाचं?" ते म्हणाले.

मग सुरू झाली त्यांची समीक्षा.
हे पाणी कुठल्या महिन्यातलं?
वारा दक्षिणेचा, लाटा पुवेकडून,
कुणीतरी थापा मारतंय.
मेंढ्या एवढ्या शहाण्या कशा? एकही घसरत नाही.
संगीत बंद करायला लावलं,
इंजिनाला कान लावून म्हणाले,
हे कधी थंडीत सुरू केलेलं नाही.
आणि तो पक्षी,
दर बारा सेकंदांनी तेच ओरडतो.
घड्याळाकडे न बघता सांगितलं.
मी नंतर मोजलं. बाराच.

"उतारू बघ. कुणी म्हणत नाही, पैसे पुढच्या फेरीला देते.
दवाखान्यात निघालेली बाई कुठाय?
तिच्यासाठी मी हळू घ्यायचो."
"बाबा, खेळ आहे हा."
"मग गुण कशाला देतेस?"

रात्री मला जाग आली तेव्हा
स्वयंपाकघरात निळा उजेड होता.
चांगला डोळा पडद्याजवळ नेऊन
ते मेंढ्या पोचवत होते.
एकदाही आदळण्याचा आवाज आला नाही.
पाठीमागून बघत उभी राहिले,
हाक मारली नाही.

गुरुवारी चार खोडून सात केलं.
सात खोडून पुन्हा चार, मग आठ.
चौकटीत एक आकडा मावतो,
अर्धा सोललेला बटाटा मावत नाही.
लिहिलं होतं, "वळायचं असेल तर आधी वळा,
मग वाट बघा."
जाहिरात आली. तेच वाक्य गेलं.

संध्याकाळी फोन आला.
"पाण्याला किती दिलेस?"
"सहा."
पलीकडे चुलीचं झाकण वाजलं.
"जास्त दिलेस."