विश्रामबागेत, साडेअकराला

भाची म्हणाली, आत्या, प्रश्न ठरलेले असतात.
"स्वतःबद्दल सांगा" – तिथं पोरं, बीपी, भाडं सांगायचं नाही.
"इथंच का?" – तिथं पगार म्हणायचं नाही.
चपात्या लाटता लाटता
माझ्याकडून दहादा 'कॅपुचिनो' म्हणवून घेतलं.
अकराव्यांदा जमलं,
तव्यावरची करपली.

दुकान सगळं काचेचं, औषधाच्या दुकानासारखं.
दार ढकलायचं की ओढायचं,
परीक्षा तिथंच सुरू.
मी ओढत राहिले.
आतून एका पोरानं हसत दार आपल्याकडं घेतलं.

साहेब म्हणजे श्रेणिक मगदूम,
चोवीस-पंचवीसचा, कोरलेली दाढी.
मला आधी मॅडम म्हणाला, मग काकू,
मग काहीच नाही.
फॉर्मवर 'अनुभव'पुढं बोटभर रेघ.
त्यात मी मार्केट यार्ड बसवलं,
हमालांचं कँटीन, एकोणीस वर्षं.
'पद' म्हणजे काय लिहायचं कळेना.
चहा, असं लिहिलं.

"मध्ये गॅप दिसतोय."
"पुराचं साल. कँटीन पाण्यात गेलं.
दोन महिने गाळ उपसला,
हळदीचा गाळ, पिवळाजर्द.
शेगडी सापडली. झाकणं नाही सापडली."
त्यानं पेन खाली ठेवलं.
"आमचं पण... पप्पांचं दुकान, गणपती पेठेत,"
एवढंच बोलला,
आणि पेन परत उचललं.

मग तीन वाट्या. बियांचा वास घ्या म्हणाला.
मागच्या पाटीवर खडूनं लिहिलेलं:
संत्रं, चॉकलेट, भाजका बदाम.
मला संत्रं काही सापडेना.
पहिल्या वाटीत उन्हात टाकलेलं गोणपाट.
दुसरीत ज्वारी, भाजताना जरा जास्त वेळ राहिलेली.
तिसरीत,
मी परत वाकले,
तिसरीत ह्यांचा शर्ट, संध्याकाळी खुंटीवर अडकवलेला.
ते सांगितलं नाही.
"ही चांगली आहे."
"का?"
"आहे चांगली."

वाफेची नळी दुधात बुडवली तर दूध किंचाळलं.
थर्मामीटर कुठं लावायचा ते तो दाखवत होता.
मी ऐकत होते दुधाचं.
तापलं की त्याचा आवाज खाली बसतो,
शेगडीवर बसतो तसाच.
बसला, मी बंद केलं.
त्यानं काटा बघितला, माझ्याकडं बघितलं.
फेस मात्र जास्तीचा झालेला, ओट्यावर सांडला,
हात पदराकडं गेला.
"टिश्यू आहे," तो म्हणाला.

शेवटचा प्रश्न भाचीच्या यादीत नव्हता.
एकजण एका कॉफीवर चार तास बसलाय. काय कराल?
"पाणी देईन."
"मग?"
"परत पाणी."
"टेबल अडतं ना, काकू."
अडत असेल.
आमच्याकडं उभ्यानंच प्यायचे,
खांद्यावर आकडा, बोटांना चटका,
ग्लास खाली ठेवायच्या आत मुकादमाची हाक.
एकोणीस वर्षांत चार तास बसलेलं माणूस
मी बघितलं नाही.
"बघायचंय मला एकदा," म्हटलं.
त्यानं हे लिहून घेतलं की खोडलं, कळलं नाही.

"कळवतो."
कळवतो म्हणजे नाही, असं भाचीचं म्हणणं.
पण मग उठताना
टी-शर्टचं माप कशाला विचारलं?
मी ब्लाउजचं सांगून बसले.

निघताना दार मुद्दाम ढकललं.
आतून ते ओढायचं होतं.