खाली अजून दुपार

आंबोळगडच्या सड्यावर एप्रिलात माती नसते म्हटलं तरी चालेल.
असते ती कातळाच्या खळग्यांत, मूठ-मूठ,
करपल्या गवताच्या मुळांनी धरून ठेवलेली.
तिच्यात मी तापमापकाच्या सुया पुरते :
दोन बोटं, वीतभर,
आणि जिथे फट सापडली तिथे हातभर.
दोन सुया मोडल्या. तिसरी वाकली,
ती ठकूबायच्या अडकित्त्याने सरळ केली, जमेल तेवढी.

रात्री दीडला उपग्रह जातो वरून.
दिसत नाही. दिसतो तो भलताच कुठला तरी.
हाही बघत नाहीच खरं तर, कान देतो :
जमीन अंगातून जे बारीक काही सोडत असते
अंधारात, कोणी न विचारता,
तेवढं टिपतो आणि पुढे जातो.

भिजलेली माती तोंड मिटून असते,
वरच्या सालीखालचं काही कळू देत नाही.
कोरडी आतून बोलते.
आणि उशिरा बोलते,
कारण उन्हाला खाली उतरायला वेळ लागतो
आणि वर यायला त्याहून जास्त.

सोबतीला ठकूबाय झोरे आली होती,
गुरं पलीकडच्या वाडग्यात कोंडून.
मी चटई पसरणार तोच
तिने कातळावर तळवा ठेवला, जरा थांबली, म्हणाली,
"इतक्यात पाठ नको टेकू. खाली अजून दुपार हाय."
मी विजेरी धरून आकडे वाचले.
वर सव्वीस. हातभर खोल तेहेतीस.
तिने आकडे विचारले नाहीत.

अहमदाबादहून पत्र आलं आहे :
तुमचा चौकोन वगळावा लागेल.
चाळीस किलोमीटरच्या एका ठिपक्यात
निम्मा समुद्र येतो,
आणि या यंत्राला समुद्र गारठलेला दिसतो, जमीन तापलेली,
दोहोंची मिळून जी बेरीज येते
ती धड कोणाचीच नसते.
कोरड्या जमिनीसाठी वाळवंटच बरं, असंही लिहिलंय.

वाळवंट मला माहीत आहे, पाकिटावरच्या पत्त्याइतकं.
इब्री, ओमान, पेटी क्रमांक एकशे सहा.
अब्बा बावीस वर्षं तिथे, तेलाच्या नळांवर.
दर दोन वर्षांनी नाट्याच्या घरी यायची
दोरीने आवळलेली एक पेटी,
तिच्यात दुधाची पावडर, साबण, अत्तराच्या कुप्या,
आणि पेटीमागून एक गप्प माणूस.

कायमचे परतले त्याला नऊ वर्षं झाल्यावर
एका रात्री वीज गेली होती,
आम्ही ओट्यावर सुंगटं सोलत होतो,
तेव्हा ते म्हणाले, कोणी न विचारता,
की शेजारच्या खाटेवरचा केरळचा पोरगा
एके दुपारी नळाच्या सावलीला बसला तो उठला नाही.
त्याला उचलताना चप्पल निघाली,
तिचा तळ इतका मऊ झालेला
की डांबरासारखा बोटांना चिकटला.
"हे बोट," म्हणाले, आणि अंधारात बोट दाखवलं.
मग टोपातलं पुढचं सुंगट घेतलं.

अम्मीने ते कधी ऐकलं होतं का, माहीत नाही.
विचारायचं राहिलं.

नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथे लिहायचं होतं,
समुद्र वजा करून बघता येतो का, साहेब,
तो वजा जात असेल तर आम्ही इथे आहोत.
लिहिलं एवढंच :
मोजणी चालू. तिसरी सुई किंचित वाकडी. जुलेखा सोलकर.

दीड वाजून गेला.
ठकूबाय घोंगडीवर कुशीला वळलेली,
तोंडात अजून सुपारी.
एव्हाना तो पश्चिमेला सरकला असेल,
पुढच्या एखाद्या फेरीत त्या वाळूवरून जाईल,
हातभर खालचं ऐकत.

चटई मी गुंडाळून उशाला घेतली
आणि पाठ कातळाला लावली.
चटका बसला. तरी उठले नाही.