थंड घाम

रुवीत, जुलैमध्ये, घाम ही काही बातमी नव्हे.
भाजीवाल्याला येतो, मशिदीच्या पायरीला येतो,
बंद दुकानाच्या काचेलासुद्धा फुटतो.
त्यात खोलीतला एसी दोन दिवस घोरून बंद पडलेला.
म्हणून खोत ओलाचिंब दिसला
तेव्हा मी पंखा वाढवला
आणि परत शिलाईला बसलो.

क्रेनवरून तो उतरला तो उतरलाच.
मणक्यात धरलंय, म्हणाले.
आता दंडावर एक पारदर्शक तुकडा,
टपालाच्या तिकिटाएवढा.
मी थट्टेनं विचारायचो, कुठं पाठवतायत रे तुला?
"गुहागरला," तो म्हणायचा,
"पण एवढ्या तिकिटात पोचत नाही."

औषधाच्या खिडकीतून शमसाबाईंनी बजावलेलं,
मोडक्या हिंदीत, एकेक शब्द टाचणीसारखा:
तीन दिवस. कापायची नाही.
जुनी काढल्याशिवाय नवी नाही.
ऊन नको, शेकायची पिशवी नको,
उष्णतेनं औषध घाईघाईनं आत उतरतं
आणि झोप अशी लागते
की श्वास घ्यायचं राहून जातं.

किराणावाल्याच्या कॅलेंडरवर मी चौकटी भरायचो.
प म्हणजे पट्टी, गो म्हणजे साखरेची गोळी.
त्या दिवशी दोन्ही बरोबर होत्या.
चुकलं ते चौकटीत मावणारं नव्हतं:
सकाळपासून त्याला मळमळत होतं,
पेजेचे दोन घोट, तेही अर्धे बाहेर,
आणि गोळी मात्र वेळेवर पोटात.

सुई अडकली म्हणून मान वर केली.
हाक मारली.
"हं" आला, पण फार उंचावरून,
क्रेनच्या केबिनमधून यावा तसा.
खिडकीतलं ऊन सरकत त्याच्या दंडावर आलेलं.
आधी खाट ओढली.
मग कपाळाला हात लावला.

थंड.
रुवीत, जुलैमध्ये, थंड घाम!

ही पट्टीची झोप की साखरेची?
बाहेरून दोघींचा चेहरा एकच.
श्वास मोजले, मिनिटाला चौदा.
बोट टोचलं, चोपन्न.
उठवून बसवला, नुसतं पाणी गिळतोय का पाहिलं,
मग साखर, घोट घोट.
पंधरा मिनिटं.
एवढं लांब कापड मी जन्मात मापलेलं नाही.
परत टोचलं, एक्क्याण्णव.
"कमरू," तो म्हणाला, "केवढं गोड केलंयस!"

डॉक्टरांनी फोनवरच गोळी कमी केली.
जेवला नाही तर गोळीआधी मला विचारा, म्हणाले.
वर थोडं रागावले. रागावू देत.

आता कॅलेंडरवर तिसरं अक्षर आहे, जे.
उतरलेली पट्टी मी चिकट बाजू आत घेऊन दुमडतो,
शिंपी आहे, दुमड मला येते,
आणि पाकिटात घालून खिडकीवर परत देतो.
शमसाबाई मोजतात. मीही मोजतो.

रात्री दोनला उठून त्याच्या कपाळावर हात ठेवला.
ओला.
गरम.
अल्हमदुलिल्लाह,
नुसता उकाडा.