तांबडा ढीग

विंचबर्गच्या बसथांब्यावर विचारलं,
इथं बघण्यासारखं काय आहे?
युफेमिया गिलक्रिस्टनं काठी उचलली:
'तो ढीग.'

तेल पिळून उरलेला दगड,
भाजून भाजून तांबडा.
'बापानं माझ्या एकतीस वर्षं
त्याच्यावर गाड्या रित्या केल्या.
भुवयांतसुद्धा राख.
आई दारातूनच ओरडायची, बूट बाहेर!'

आता वर ससे. बर्चची किडकिडीत पोरं.
रविवारी सायकलवाले येतात म्हणे.

मी चढलो. दोनदा घसरलो.
वरून पूल दिसतात, विमानं उतरताना दिसतात,
आणि खाली थांब्यावर
तिची निळी टोपी.

परतलो तेव्हा बस येऊन गेली होती,
ती मात्र तिथंच.
बुटांकडे बघत म्हणाली,
'झटक.
इथंच झटक.'