बारदान

खालचं लेथ बंद झालं की आम्ही चाचणी लावतो.
उद्यमनगर, दुसरा मजला, पावणेअकरा.
खुर्चीच्या चाकांत अडकलेला लोखंडाचा कीस
हलताना अजून करकरतो.

दूध संघाचं काम आहे.
पहाटे सहाला कागल, राधानगरी, गगनबावडा,
सगळी संकलन केंद्रं एकदम बोलायला लागतात:
लिटर, फॅट, खातेनंबर.
तो अर्धा तास आम्ही रात्री खोटा उभा करतो.
नसलेल्या म्हशींचं नसलेलं दूध
खऱ्या सर्व्हरांवर ओततो.

चार नोड. सेकंदाला अकराशे नोंदी.
आठ नोड. दोन हजार पन्नास.
"चढतंय," इर्शाद शिकलगार म्हणतो
आणि थर्मासचं झाकण उघडतो.
सोळा. सव्वीसशे.
बत्तीस.
पंचवीसशे ऐंशी.
झाकण त्याच्या हातातच.

दर पंधरा सेकंदांनी एकजण
प्रत्येक कंटेनरचं दार वाजवतो:
किती खाल्लंस? किती शिल्लक? किती ताटकळलेत?
लिहून घेतो, पुढच्या दाराशी जातो.
मीच लिहिलेला हरकाम्या.
त्याला झोप नाही, भीड नाही,
"असू दे की जरा" त्याला म्हणता येत नाही.
म्हणून तर त्याच्यावर भरवसा.

साडेबाराला आबांचा फोन.
यार्डात त्यांना दौलू तोलार म्हणत.
अडतीस वर्षं गुळाचे रवे काट्यावर चढवले;
आता गुडघे गेले, झोप गेली,
काटा तेवढा डोक्यात शाबूत.
"झालं काय तुझं तोलून?"
झालं आबा. गडी दुप्पट लावले, काम होतं तेवढंच.
"बारदान किती धरलंस?"

मी हसले.
मग इर्शादकडे बघितलं. तो हसत नव्हता.

हरकाम्या प्रत्येक नोडवर स्वतःही बसलेला.
तोही खातो.
चार नोडना चार तोंडं, बत्तिसांना बत्तीस,
वर त्याच्या वह्या फुगतात त्या वेगळ्याच.
आणि हे सगळं पोतं-सुतळी
आम्ही गुळातच धरत आलो, तीन आठवडे.

पंधराचे साठ सेकंद केले.
कुणी न वाचणारी लेबलं खुडून टाकली.
पुन्हा दूध ओतलं.
एकतीसशे.
रेघ उशिरा बसली,
पण बसलीच.

"बसली व्हय?" आबांनी फोन ठेवला नव्हता.
"एका सीझनला शेठनं चार काटं मांडलं.
गाड्या काय हलल्या न्हाईत.
पावती फाडणारा दिवाणजी एकच. काटं काय करत्यात?"

इर्शादनं न बोलता डेटाबेस उघडला.
एक तक्ता, त्याला एक कुलूप,
दारात बत्तीस जण ओळीनं.
काट्यांवर आम्ही नजर ठेवली होती, गड्यांवर ठेवली होती.
दिवाणजीला कुणी विचारलंच नव्हतं
की बाबा, तुझा हात किती चालतो.

त्याच्यासाठी नवं माप लिहायला घेतलं.
ते अर्धंच झालं. चहा गार.
इर्शाद बॅगेवर डोकं टेकून झोपला.
आबांना मी सांगितलं, ठेवा आता;
त्यांनी ठेवला की नाही, माहीत नाही.

पावणेसहाला पडद्याच्या कोपऱ्यात,
जुन्याच यंत्रणेवर, एक ओळ उमटली:
गगनबावडा. म्हैस. साडेतीन लिटर.
फॅट सहा पूर्णांक आठ.

ही खरी.